अंबोन बेटाचा आंधळा वनस्पतिपंडित



आपल्या घरातला मसाल्याचा डबा उघडला की लवंग हाताला लागते. दाढ ठणकू लागली की आजी आधी लवंग धरायला सांगते. जायफळाचेही तसेच. पुरणात, श्रीखंडात ते हवेच, आणि बाळगुटी उगाळताना सहाणेवर त्याचे दोन-चार वेढे द्यायचे हे घरोघरच्या बायकांना शिकवावे लागत नाही. इतक्या रोजच्या वस्तू, म्हणून आपण त्या आपल्याच समजतो. पण ही दोन्ही झाडे मूळची आपल्या देशातली नव्हेत. ती आली दूरच्या बेटांवरून. त्या बेटांवरच्या झाडाझुडपांची सगळी हकिकत एका माणसाने आयुष्य घालून लिहून ठेवली. त्यातली बत्तीस वर्षे तो पूर्ण आंधळा होता. त्या माणसाची आणि त्याच्या कागदांची ही गोष्ट आहे. कागदांची गोष्ट माणसापेक्षाही लांबते, म्हणून जरा सवडीने वाचावी.

इंडोनेशिया देशाच्या पूर्वेकडे मलुकू नावाचा बेटांचा पुंजका आहे. लवंगेचे मूळ घर त्यातल्या उत्तरेकडच्या तेर्नाते, तिदोरे वगैरे बेटांवर, आणि जायफळाचे दक्षिणेकडच्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर. या दोहोंच्या मध्ये अंबोन. आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढे. दोन डोंगराळ तुकडे, मधे अरुंद पट्टीने जोडलेले, आणि भोवती समुद्र. पाऊस भरपूर, माती ज्वालामुखीची. आपल्या कोकणातल्या माणसाला तिथे नेऊन सोडले तर माड, फणस, केळी पाहून तो फारसा बुजणार नाही.

गेओर्ग एबरहार्ड रुम्फ याचा जन्म १६२७ सालचा, जर्मनीतल्या हेसे प्रांतातला. म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा तो दोन-तीन वर्षांनीच मोठा. बाप बांधकामावरचा जाणकार. पोराला चांगले शिक्षण मिळाले, लॅटिन भाषा आली. त्या काळी विद्वान लोक आपले नाव लॅटिन वळणाने लिहीत. त्यावरून पुढे तो रुम्फियस या नावाने ओळखला गेला. जर्मनीत तेव्हा तीस वर्षांचे मोठे युद्ध चालू होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलाला व्हेनिसच्या नोकरीला नेतो असे सांगून भरती केले आणि प्रत्यक्षात ब्राझीलला निघालेल्या जहाजात चढवले. ते जहाज काही तिथे पोचले नाही. तो पोर्तुगालात अडकला, दोन-तीन वर्षे तिथे काढून घरी परतला. पण बाहेरच्या जगाची गोडी लागली होती. १६५२ च्या अखेरीस तो डच ईस्ट इंडिया कंपनीत शिपाई म्हणून दाखल झाला आणि पुन्हा जहाजात बसला. १६५४ साली अंबोनला उतरला. मरेपर्यंत, म्हणजे पुढची अठ्ठेचाळीस वर्षे, त्याने ते बेट सोडले नाही.

हे डच म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतले वलंदेज. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. आपल्याकडे ते व्यापारी म्हणून बेताने वागले. मलुकू बेटांत मात्र त्यांनी जे केले ते शेतकऱ्याने मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे.

कंपनीला लवंग-जायफळाचा मक्ता सगळाच्या सगळा हवा होता. १६२१ साली तिच्या फौजेने बांदा बेटांवर चाल केली. तिथले बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा देशोधडीला लागले. त्यांच्या जायफळाच्या बागा कंपनीच्या माणसांना वाटून दिल्या आणि कामाला गुलाम आणले. लवंगेचे धोरण आणखी वेगळे. लवंग फक्त अंबोन आणि शेजारच्या दोन-तीन बेटांवरच पिकवायची, बाकी सगळीकडची झाडे तोडून टाकायची. मोठमोठ्या वल्ह्यांच्या होड्यांचा ताफा दरसाल बेटाबेटांवर फिरे आणि चोरून लावलेली लवंगेची झाडे कुऱ्हाडीने आडवी करी. रुम्फियस आला तेव्हा शेजारच्या सेराम बेटाच्या पश्चिम भागात याच कारणावरून लढाई चालू होती. पुढे तिथली झाडे गेली आणि माणसेही उठवली गेली. भाव टिकवण्यासाठी दुसऱ्याच्या हातची लागती झाडे तोडणे! ज्याने एकदा तरी रोप वाढवले आहे त्याला हे वाचून कसे वाटेल, ते सांगायला नको.

पक्ष्यांना मात्र कंपनीचे फर्मान कळत नव्हते. तिथले मोठे रानकबुतर जायफळ जायपत्रीसकट गिळते, वरची जायपत्री पचवते आणि बी लांब नेऊन टाकते. ते बी भलत्याच बेटावर रुजते. आपल्या सह्याद्रीत रानजायफळाच्या बाबतीत हेच काम धनेश पक्षी करतो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे जायफळाच्याच कुळातल्या झाडांची दलदलीतली जुनी राई आहे. तिकडच्या वाचकांनी ती पाहिली असेल.

रुम्फियसचे मन शिपाईगिरीत रमले नाही. तीनेक वर्षांत त्याने खाते बदलून घेतले आणि कंपनीचा व्यापारी कारकून झाला. बेटाच्या उत्तरेकडच्या हितू भागात, आधी लारिके आणि मग हिला या समुद्रकाठच्या गावी त्याची नेमणूक झाली. लवंग मोजून घेणे, हिशेब ठेवणे, गावच्या मुखियांशी बोलणी करणे हे काम. उरलेल्या वेळात तो झाडे पाहात हिंडे. नुसती पाहात नसे. पान, फूल, फळ, साल, मूळ सगळे तपासून लिहून काढी. १६६३ साली त्याने कंपनीच्या वरिष्ठांना पत्र घालून युरोपातून पुस्तके मागवण्याची परवानगी मागितली. त्याच्या लक्षात आले होते की इथल्या झाडांपैकी बहुतेकांचे नावही युरोपातल्या कोणत्या पुस्तकात नाही.

त्याची रीत मला फार पटते. झाडाचे नाव तो एकाच भाषेत लिहून थांबत नाही. मलय भाषेत काय म्हणतात, अंबोनच्या गावकऱ्यांत काय म्हणतात, चिनी व्यापारी काय म्हणतात, पोर्तुगीज काय म्हणत, हे सगळे नोंदवतो. मग झाडाचे वर्णन. ते कुठे उगवते, डोंगरावर की खाजणात; फुलते कधी, फळते कधी; लोक त्याचे काय करतात. खातात कसे, औषध कशावर, लाकूड कशाला चांगले, काथ्या निघतो का, मासे पकडायला उपयोग होतो का. अगदी गावकऱ्यांचे मंत्र-तोडगेही त्याने वगळले नाहीत. एक पदवीधर माणूस गावात जातो आणि शिकवायच्या आधी शिकून घेतो, हे आमच्या खात्यातल्या नव्या मुलांना मी नेहमी सांगत आलो. रुम्फियसने ते साडेतीनशे वर्षांपूर्वी केले. त्याला सांगणारे कोण? गावचे वैदू, कोळी, मुखिये, म्हाताऱ्या बाया. आणि घरची त्याची बायको सुझाना.

डोळे गेले

१६७० साली, वयाच्या त्रेचाळिशीत, रुम्फियसची दृष्टी गेली. हळूहळू नव्हे, थोड्याच काळात. तो काचबिंदू असावा असे आजचे जाणकार म्हणतात. उन्हातान्हात हिंडल्यामुळे हे झाले अशी त्याची स्वतःची समजूत होती. नजरेवर चालणारे काम आणि नजरच गेली. कंपनी काही दयाळू म्हणून प्रसिद्ध नव्हती, तरी बटावियातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या, गव्हर्नर जनरलने त्याचा हुद्दा आणि पगार चालू ठेवला. तो हिला सोडून अंबोन शहरात राहायला आला.

चार वर्षे गेली. १७ फेब्रुवारी १६७४ चा दिवस. इकडे रायगडावर राज्याभिषेकाला अजून चार महिने होते. अंबोनमध्ये चिनी लोकांच्या नववर्षाचा उत्सव चालला होता. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास जमीन हादरली. सुझाना आणि धाकटी मुलगी शहरात होत्या. त्यांच्यावर भिंत कोसळली आणि दोघी जागच्या जागी गेल्या. त्याच वेळी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र खवळून आत घुसला. बेटावर त्या रात्री दोन हजारांवर माणसे गेली. रुम्फियस पूर्वी ज्या हितू किनाऱ्यावर राहिला होता तिथली गावेच्या गावे धुऊन निघाली. आंधळा रुम्फियस मुडद्यांशेजारी बसून आक्रोश करीत होता, आणि ते पाहवत नव्हते, अशा अर्थाची नोंद कंपनीच्या रोजनिशीत आहे.

त्याने काय केले? त्या भूकंपाची हकिकत लिहून काढवली. कोणत्या गावात पाणी किती चढले, काय पडले, किती माणसे गेली, गावागणिक. १६७५ साली ती छापली गेली. इंडोनेशियातल्या सुनामीची तपशीलवार लिहिलेली ही सर्वांत जुनी हकिकत, म्हणून भूकंपाचा अभ्यास करणारे आजही ती उघडतात.

आणि एका फुलाला त्याने बायकोचे नाव दिले. जमिनीवर वाढणारे मोठ्या पांढऱ्या फुलाचे एक ऑर्किड आहे. औषधी आणि झाडपाला शोधताना सुझाना आपली पहिली सोबतीण आणि मदतनीस होती, आणि हे फूल तिनेच आपल्याला पहिल्यांदा दाखवले, असे त्याने नोंदवून ठेवले. पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडिश पंडिताने झाडांना शास्त्रीय नावे देताना तिचे नाव तसेच ठेवले. आजही शास्त्रात त्या फुलाच्या नावात 'सुझाने' हा शब्द आहे. त्याची एक जवळची बहीण आपल्या सह्याद्रीवर पावसाळ्याच्या शेवटी फुलते. तीही पांढरीशुभ्र, तळहाताएवढी. कंपनीच्या दप्तरांतून सुझानाचे माहेरचे आडनावसुद्धा सापडत नाही.

पुस्तकाचे काम थांबले नाही. ते आधी लॅटिनमध्ये चालले होते. आता आंधळ्याला लिहून घेणारा माणूस हवा, आणि त्या बेटावर लॅटिन लिहिणारा आणायचा कुठून? रुम्फियसने झालेले काम बाजूला ठेवून सगळे डच भाषेत नव्याने सांगायला घेतले. कंपनीने लेखनिक दिले. मुलगा पाउलुस आउगुस्ट आणि काही कारकून-शिपाई चित्रे काढू लागले. रुम्फियस पान बोटांनी चाचपी, चुरगळून वास घेई, जिभेवर ठेवून पाही, आणि पूर्वी डोळ्यांनी पाहिलेले आठवून मजकूर सांगे.

पुस्तकाची सुरुवात नारळाने आहे. त्यात माडाचे प्रकार, माडी, तेल, काथ्या, सगळे आले. लवंग-जायफळाला खरे तर पहिला मान मिळायचा, कारण कंपनीचे पोट त्यावर होते. पण त्याने पहिला मान दिला तो गावकऱ्याच्या पोटाला आणि घराला उपयोगी पडणाऱ्या झाडाला. साबूच्या माडाबद्दलही असेच. त्या भागातले मुख्य अन्न भात नव्हे, साबू. झाड तुऱ्यावर येण्याच्या आधी तोडायचे, खोड उभे चिरून आतला गर खरवडायचा, पाण्यात धुऊन खाली बसलेले पीठ काढायचे. एक झाड म्हणजे एका घराची कित्येक दिवसांची बेगमी. आपल्या उपासाच्या साबुदाण्याच्या नावात हाच साबू आहे. मात्र आपण खातो तो साबुदाणा त्या माडाचा नसून टॅपिओकाच्या कंदाचा, आणि तो येतो मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलम भागातून. नाव एका झाडाचे आणि पीठ दुसऱ्याचे, असा हा मामला आहे.

त्याचे सगळेच बरोबर होते असे नाही. काष्ठौषधींच्या दुकानात 'दर्याई नारळ' मिळतो. फकिरांच्या हातातले काळे, होडीच्या आकाराचे भिक्षापात्र त्याच्याच करवंटीचे. हा नारळ समुद्रावर तरंगत येई आणि झाड कोणी पाहिलेले नव्हते. ते झाड समुद्राच्या पोटातच उगवते, असे रुम्फियसने लिहिले. खरे झाड सेशेल्स बेटांवर आहे हे १७६८ साली समजले.

कागदांची परवड

आता कागदांकडे वळू. ११ जानेवारी १६८७ रोजी अंबोन शहरात मोठी आग लागली. रुम्फियसचे घर त्यात सापडले. ग्रंथसंग्रह गेला, कितीतरी हस्तलिखिते गेली, आणि पुस्तकासाठी वर्षानुवर्षे काढून घेतलेली चित्रे जळाली. पुस्तकाचा मजकूर बराचसा वाचला. पण ज्या माणसाने ती चित्रे डोळे शाबूत असताना काढली किंवा तपासली, त्याला आता ती पुन्हा काढून घ्यायची होती, न पाहता. वय साठ.

त्या आगीत जळालेल्या पुस्तकांत एका ग्रंथाचे काही खंड होते, आणि त्या ग्रंथाशी आपला सख्खा संबंध आहे. 'होर्तुस मलबारिकुस' हा केरळातल्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ. तो तयार करवला कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, हेंड्रिक फान रेडे याने. त्याला माहिती देणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून कोचीनला गेलेल्या समाजातली ही माणसे. ग्रंथाची माहिती आम्ही दिली, झाडे आम्ही ओळखून दिली, अशी साक्ष त्यांनी कोंकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिली, आणि १६७८ सालच्या पहिल्या खंडात ती जशीच्या तशी छापली. नागरी अक्षरे छापल्याचा हा फार जुना दाखला आहे. फान रेडे मोठ्या घराण्यातला, मोठ्या हुद्द्यावरचा. त्याचे खंड अ‍ॅमस्टरडॅमला भराभर छापले गेले. १६९१ च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रात तो वारला आणि सुरतेला त्याची मोठी कबर आहे. रुम्फियस साधा व्यापारी कारकून. त्याच्या नशिबी वेगळेच होते.

तीन वर्षे राबून त्याने १६९० पर्यंत पहिले सहा भाग पुन्हा चित्रांसह तयार केले आणि बटावियाला रवाना केले. तिथे गव्हर्नर जनरल होता योहानेस काम्फाउस. त्याला स्वतःला झाडा-प्राण्यांची आवड. कागद हातात आल्यावर त्याने ते लगेच हॉलंडच्या जहाजावर चढवले नाहीत. आधी बसवून सगळ्याची नक्कल करून घेतली. मग मूळ प्रत 'वॉटरलँड' नावाच्या जहाजातून निघाली. १६९२ साली वाटेत फ्रेंचांनी ते जहाज बुडवले. मूळ कागद समुद्रात गेले. बटावियात काम्फाउसने करवलेली नक्कल मागे होती, म्हणून पुस्तक राहिले.

या एका गोष्टीवर मी जरा थांबतो. काम्फाउसला जहाज बुडणार हे कळले नव्हते. नक्कल करायला महिने गेले असतील, कारकुनांनी कुरकूर केली असेल. पण साठ-पासष्ट वर्षांच्या आंधळ्या माणसाचे दुसऱ्यांदा केलेले काम एकाच पेटीत घालून समुद्रावर सोडायचे नाही, एवढे त्याला समजले. आपल्याकडे बँकेच्या पासबुकापासून सातबाऱ्यापर्यंत एकच कागद, एकाच पिशवीत, आणि ती पिशवी कौलाखालच्या फळीवर असा प्रकार अजून पुष्कळ घरांत पाहतो.

रुम्फियसने पुढचे भाग सांगणे चालूच ठेवले. १६९५ साली त्याच्या घरातून काही रंगीत चित्रे चोरीला गेली. ती पुन्हा काढवली. त्याआधी १६८२ साली आयुष्यभर जमवलेला शंख-शिंपल्यांचा संग्रह इटलीतल्या तोस्कानाच्या राजाला द्यावा लागला होता, मनाविरुद्ध दिला. एवढे होऊनही १६९६-९७ पर्यंत सारे भाग हॉलंडला पोचले. एकूण बारा भाग, आणि नंतर एक पुरवणी. सुमारे बाराशे वनस्पती आणि जवळजवळ सातशे चित्रे.

आणि कंपनीच्या संचालकांनी ते कुलूपबंद केले.

कारण साधे होते. कोणते मसाल्याचे झाड कुठे वाढते, कसे लावतात, कधी तोडतात, हे सगळे त्यात लिहिलेले. शत्रूच्या हाती ते पडले तर मक्ता धोक्यात येईल. ज्या कंपनीने लेखनिक दिले, पगार चालू ठेवला, तिनेच पुस्तक दडपून ठेवले. १५ जून १७०२ रोजी रुम्फियस अंबोनला वारला तेव्हा या ग्रंथाचे एकही पान छापलेले नव्हते. १७०४ साली बंदी उठली, तर एवढा मोठा चित्रमय ग्रंथ छापण्याचा खर्च करायला कोणी छापखानेवाला तयार होईना. शिंपल्यांवरचे आणि खनिजांवरचे त्याचे पुस्तक तेवढे १७०५ साली निघाले. झाडांच्या ग्रंथाला योहानेस बर्मन नावाचा अ‍ॅमस्टरडॅमचा वनस्पतिशास्त्रज्ञ भेटेपर्यंत थांबावे लागले. त्याने लॅटिन भाषांतर जोडून १७४१ ते १७५० या काळात सहा मोठे खंड काढले आणि १७५५ साली पुरवणी. नाव 'हर्बेरियम अंबोइनेन्से', म्हणजे अंबोनचा वनस्पतिग्रंथ. लेखक जाऊन तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती.

मक्ता म्हणाल, तर तो कुलपाने टिकला नाही. १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसाने लवंग-जायफळाची रोपे मॉरिशसला चोरून आणवली. तिथून लवंग पुढे झांजिबारपर्यंत गेली. आपल्या देशात इंग्रजांच्या काळात ती दक्षिणेत आली. आज कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांत जायफळ आणि लवंग आंतरपीक म्हणून उभी आहेत. विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. जायफळाचे नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बियांपासून केलेली रोपे लावली तर पाच-सात वर्षे खतपाणी घालून फुले आल्यावर कळते की निम्मी झाडे नर निघाली. म्हणून मादी झाडाच्या फांदीची कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत आणि दहा मादी झाडांना एक नर झाड ठेवावे. लवंगेची कळी उमलण्याच्या आधी, लालसर झाली की तोडावी. उमलली की किंमत गेली.

तुमच्या अंगणातही या कथेची एक खूण असेल. तुळशीशेजारी कुंडीत पानओवा लावलेला असतो; भजी करायला आणि पोराच्या खोकल्याला. त्याच्या शास्त्रीय नावात 'अंबोइनिकुस' हा शब्द आहे, म्हणजे अंबोनचा. १७९० साली हे नाव देणाऱ्याने झाड अंबोनचे मानले. मूळ ते आफ्रिकेकडचे, पण नाव चिकटले ते चिकटले.

रुम्फियसने पाने वाळवून ठेवलेली नव्हती, किंवा असली तरी उरली नाहीत. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांपुढे अडचण अशी की वर्णन आहे, चित्र आहे, पण नेमके झाड कोणते? त्यासाठी १९१३ साली चार्ल्स रॉबिन्सन हा कॅनडाचा वनस्पतिशास्त्रज्ञ मनिलाहून अंबोनला गेला. रुम्फियसने जी जागा लिहिली तिथे जाऊन तेच झाड शोधायचे आणि नमुना घ्यायचा, असे पाच-सहा महिने त्याने केले. डिसेंबरात डोंगरातल्या एका वस्तीजवळ त्याचा खून झाला. असे सांगतात की त्याने झाडावरच्या मुलाकडे शहाळे मागितले. मलय भाषेत नारळाला 'केलापा' आणि डोक्याला 'केपाला'. पोराला वाटले हा डोके मागतो. मुंडकी तोडणारा आला म्हणून ओरड झाली. खरे कारण देव जाणे. त्याने जमवलेले नमुने मात्र मनिलाला पोचले, आणि त्याचा सहकारी एल्मर मेरिल याने १९१७ साली रुम्फियसच्या झाडांची आजच्या नावांशी जोडणी करून दाखवणारा मोठा ग्रंथ छापला.

आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची तरतूद झाली. कोणते झाड, कोणते गवत, कोणते वाण, त्याचे गावातले नाव, उपयोग, कोणी सांगितले. म्हणजे रुम्फियस करीत होता तेच, गावाने गावासाठी करायचे. काही गावांनी ते मन लावून केले. पण मी ज्या नोंदवह्या पाहिल्या त्यांतल्या काही शेजारच्या गावच्या नोंदवहीवरून उतरवलेल्या होत्या. गाव डोंगरावरचे आणि यादीत खाडीकाठची झाडे! वरीच्या, नाचणीच्या जुन्या वाणांची नावे सांगणारी माणसे आता प्रत्येक गावात दोन-चारच उरली आहेत. शाळेतल्या मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवायला ग्रामपंचायतीला वेगळा निधी लागत नाही. आणि वही भरली की तिची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक तालुक्याला ठेवावी.

रुम्फियसच्या कबरीवर १८२४ साली तिथल्या डच गव्हर्नर जनरलने स्मारक उभारले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने ते उद्ध्वस्त झाले. नंतर पुन्हा बांधले. त्याचे हस्तलिखित हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहे. लॅटिन आणि जुनी डच न येणाऱ्यांना हा ग्रंथ दोनशे सत्तर वर्षे बंदच होता. ई. एम. बीकमन या प्राध्यापकाने कित्येक वर्षे खपून त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर केले. ते सहा खंडांत २०११ साली प्रसिद्ध झाले. बीकमन २००८ सालीच वारला होता. छापलेले खंड त्यालाही पाहायला मिळाले नाहीत.